खांदा गेल्यानंतरची चेनसॉ

चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, घ्यायला दुकानात गेले की आपल्याकडे पहिला प्रश्न इंजिनाच्या सीसीचा असतो आणि दुसरा चेन जिच्याभोवती फिरते त्या पट्टीच्या इंचांचा. जळगावचा दुकानदार असो वा धुळ्याचा, गिऱ्हाइकाचा खांदा, मनगट किंवा कंबर कशी आहे हे तो सहसा विचारत नाही, कारण मशीन उचलणारा माणूस धडधाकटच असणार हे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेले असते. माझ्या उजव्या खांद्याने ते गृहीत मोडले. त्यानंतर जुनी मशिने काढून नवी घेताना मी प्रश्नांचा क्रमच उलटा केला. एक फांदी कापण्याच्या पूर्ण कामात, म्हणजे मशीन गाडीतून उतरवण्यापासून चेनला कानस मारण्यापर्यंत, हाताला कोणकोणत्या हालचाली कराव्या लागतात आणि त्यांपैकी माझ्याच्याने कोणत्या होतात, हे आधी पाहिले. सीसी शेवटी पाहिले.

इजेची हकीकत थोडक्यात सांगतो. चोपड्याकडे वादळात आडव्या झालेल्या निंबाची ताणात अडकलेली एक फांदी सुटली आणि उजव्या खांद्यावर बसली. दंडाच्या हाडाचे वरचे टोक मोडले, खांदा फिरवणारे स्नायुबंध फाटले, शस्त्रक्रिया झाली. पुढे बरेच महिने व्यायाम करूनही उजवा हात छातीच्या वर ताकदीने जात नाही, झटका देऊन काही ओढणे जमत नाही, आणि थरथरणारी वस्तू फार वेळ धरली की खांद्यापासून कोपरापर्यंत मुंग्या येतात. याउलट कोपर बरगडीला टेकवून पकड घट्ट धरता येते, बोटे पूर्ण काम करतात आणि समोर ढकलण्याचा जोर बऱ्यापैकी शाबूत आहे. डावा हात पूर्वीसारखाच आहे. ही जमेची आणि तोट्याची यादी मला माझ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी बसून करायला लावली. मशीन निवडताना दुकानातील कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा तीच अधिक कामाला आली.

कामाचे स्वरूपही सांगितले पाहिजे, कारण मशीन त्यावर ठरते. आमच्याकडे घाटमाथ्यासारखी घनदाट झाडी नाही. बांधावरची बाभूळ आणि निंब, विहिरीजवळची चिंच, शेवग्याची व सुबाभळीची छाटणी, पावसाळ्यापूर्वी घराच्या छतावर झुकलेल्या फांद्या उतरवणे, आणि रावेर-यावल पट्ट्यात मे-जूनच्या वादळानंतर केळीच्या बागांत व शेतरस्त्यांवर पडलेली झाडे बाजूला करणे, असे हे काम असते. साग, आंबा, चिंच, मोह, अंजन या झाडांना १९६४ च्या महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबतच्या अधिनियमाची परवानगी लागते, त्यामुळे ती बुंध्यापासून पाडण्याचे प्रसंग थोडे येतात. पण वाळलेली बाभूळ काही कमी चिवट नसते, आणि अंजनाचे लाकूड तर देशातील अत्यंत कठीण व जड लाकडांत गणले जाते. त्याची वाळकी फांदी समोर आली की चेनची धार किती राहिली आहे हे लगेच कळते.

सर्वांत मोठी अडचण चालू करण्याची होती. पेट्रोल चेनसॉ चालू करण्याची योग्य रीत अशी: मशीन जमिनीवर ठेवावे, चेनब्रेक, म्हणजे चेन जागीच थांबवणारा ब्रेक, लावावा, मागच्या हँडलमध्ये उजव्या बुटाचे टोक घालून दाबावे, डाव्या हाताने पुढचे हँडल धरावे आणि उजव्या हाताने दोरी ओढावी. हवेत मशीन सोडत दोरी ओढण्याची जी पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते ती धडधाकट माणसासाठीसुद्धा धोक्याचीच आहे. माझ्याकडे ७२ सीसीचे स्टिल एमएस ३८२ होते. सिलिंडरमधला दाब मोडून इतके मोठे इंजिन फिरवायला जो झटका लागतो तो नेमका त्याच स्नायूंवर येतो जे माझे फाटले होते. मोठ्या मशिनांवर दाब सोडणारा एक छोटा झडपेचा खटका मिळतो, तो दाबला की सिलिंडरमधली थोडी हवा बाहेर पडते आणि ओढ हलकी होते; पण ओढण्याचा वेग तितकाच लागतो, आणि मला अडचण वेगाचीच होती.

त्यावर दुसरा उपाय स्प्रिंगच्या स्टार्टरचा आहे. यात दोरीची चकती आणि क्रँकशाफ्ट यांच्यामध्ये एक स्प्रिंग बसवलेली असते. आपण दोरी सावकाश ओढत गेलो की जोर आधी स्प्रिंगमध्ये साठतो आणि पुरेसा साठला की तीच इंजिनाला फिरवते. झटक्याऐवजी संथ, सलग ओढ पुरते. स्टिलच्या पेट्रोल मॉडेलच्या नावात शेवटी 'ई' हे अक्षर असेल तर ही सोय आहे असे समजावे. इतर कंपन्याही निरनिराळ्या नावांनी ती देतात. दुकानात हे मशीन बघताना मी एकच आग्रह धरला. गरम झालेले मशीन नव्हे, रात्रभर बंद असलेले थंड मशीन मला स्वतःला चालू करू द्यावे. दुकानदाराने आधीच दोनदा फिरवून ठेवलेले मशीन कोणाच्याही हाताने चालू होते, आणि त्यावरून शेतातल्या पहाटेचा काहीच अंदाज येत नाही.

वजनाच्या बाबतीत माहितीपत्रकातला आकडा अर्धाच समजावा. तेथे दिलेले वजन इंधन, पट्टी आणि चेन वगळून असते. सुमारे ३२ सीसीचे लहान मशीन ४ किलोच्या आसपास, ४५ सीसीचे साडेचारच्या थोडे वर आणि ७२ सीसीचे सव्वासहा किलो असे आकडे दिसतात. त्यात पट्टी, चेन, पेट्रोल आणि चेनचे ऑइल मिळून किलो-दीड किलोची भर पडते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे वजन कोणत्या हातावर येते. चेनसॉचा बहुतेक भार पुढचे हँडल धरणारा डावा हात पेलतो, तर उजवा हात खटका चालवतो आणि दिशा धरून ठेवतो. त्यामुळे माझ्या बाबतीत चार किलो की पाच किलो यापेक्षा मशीन पुढच्या हँडलवर लटकवले असता कोणत्या बाजूला कलते हा प्रश्न निर्णायक ठरला. पट्टी लांब असली की नाक खाली जाते आणि ते वर धरण्यासाठी उजव्या हाताला मागचे हँडल सतत खाली दाबत राहावे लागते. म्हणून २० इंची पट्टीचा नाद सोडून १६ इंचीवर आलो. अनेकांना हा उणेपणा वाटतो, पण दोन्ही बाजूंनी काप घेता येत असेल तर पट्टीच्या दीडपट जाडीचा बुंधासुद्धा सावधपणे कापता येतो, आणि बांधावरच्या बाभळीला त्याहून अधिक काही लागत नाही.

पट्टीच्या मुळाशी जे लोखंडी दात असतात त्यांच्याकडे पूर्वी मी लक्षही दिले नव्हते. ते बुंध्यात रोवून मशीन त्यांच्यावर तरफेसारखे फिरवले की भार झाड पेलते आणि उजव्या हाताला फक्त मागचे हँडल हळूहळू उचलावे लागते. स्वस्त मशिनांवर हे दात प्लॅस्टिकचे किंवा अगदी बुटके असतात. बुंध्याच्या कामासाठी घ्यायचे मशीन निवडताना धातूचे पूर्ण दात ही अट मी ठेवली होती, आणि इतर काही तडजोडी केल्या तरी ही सोडली नाही.

कंपनाचा विषय जरा सविस्तर मांडतो, कारण आपल्याकडे त्याची चर्चा होत नाही आणि इजा झालेल्या माणसाचे दिवसाचे काम त्यावरच ठरते. चांगल्या कंपन्या प्रत्येक हँडलचे कंपन मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात छापतात. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या दिवसाला सरासरी २.५ ही पातळी गाठली की काम देणाऱ्याने उपाययोजना करणे बंधनकारक होते आणि ५ ही पातळी ओलांडायची नसते. यातला हिशेब वर्गाच्या प्रमाणात चालतो, म्हणजे कंपन दुप्पट झाले की परवडणारा वेळ निम्मा न होता चौथाई होतो. साडेतीन कंपनाचे मशीन सुमारे चार तास चालवल्यावर २.५ ची पातळी गाठली जाते, पाचचे दोन तासांत, सातचे तासाभरात आणि दहाचे अर्ध्या तासात. ही पातळी निरोगी हातांसाठी आहे. माझ्यासारख्याने त्याच्या बरेच आत राहावे हे ओघाने आलेच. बाजारात ५८ सीसीची जी स्वस्त मशिने दिसतात त्यांच्या पेटीवर हा आकडा बहुधा नसतोच. आकडा नसेल तर मशीन चालवून पाहावे, मोकळ्या वेगावर आणि लाकडात अशा दोन्ही वेळी, आणि दहा मिनिटांनी बोटांना काय वाटते ते पाहावे. बॅटरीच्या मशिनांत इंजिनाचे धक्केच नसल्याने कंपन साधारणपणे कमी असते, आणि माझ्या खांद्याने कोणत्याही तक्त्याच्या आधी याची ग्वाही दिली.

एका हाताने चालवता येईल अशी हलकी चेनसॉ का घेत नाही, असे मला घरातूनही विचारले गेले. वरच्या बाजूला हँडल असलेली जी छोटी चेनसॉ झाडावर चढणारे वापरतात तिच्याकडे बोट दाखवून धाकटा भाऊ म्हणाला होता, "दादा, ही तर एका हातात मावते." मावते, पण ती एका हाताने चालवण्यासाठी नाही, तिचे उत्पादकही दोन्ही हातांनीच धरा असे बजावतात. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मागे आणि वर उसळते. हे उसळणे रोखणाऱ्या गोष्टी दोनच: पुढच्या हँडलभोवती अंगठ्यासह वळलेली डाव्या हाताची पकड आणि चेनब्रेक. ज्यांचा डावा अंगठा किंवा डाव्या हाताची पकड गेली आहे त्यांनी कितीही हलके मशीन मिळाले तरी चेनसॉ हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तसेच उजवा हात अधू झाला म्हणून हातांची अदलाबदल करणे हा मार्ग नाही. सगळ्या चेनसॉ उजव्या हाताने खटका चालवण्यासाठीच बनवलेल्या असतात, आणि हात बदलले की डोके व मान थेट चेनच्या रेषेत येतात. माझा उजवा हात खाली, कोपर अंगाशी ठेवून पुरेसे काम करतो म्हणूनच मी या कामात राहू शकलो.

ऑनलाइन मिळणाऱ्या चार-सहा इंची बॅटरी चेनसॉ मात्र वेगळ्या जातीच्या आहेत. शेवगा, डाळिंब, लिंबू यांच्या बोटभर ते मनगटाएवढ्या फांद्यांना त्या चांगल्या आहेत. त्यांच्या पेटीवर ४८ किंवा ८८ आणि पुढे 'व्हीएफ' अशी अक्षरे छापलेली दिसतात. हे प्रत्यक्षातले व्होल्ट नव्हेत. आत बहुधा पाचच सेल एका ओळीत असतात, म्हणजे पूर्ण भरल्यावर २१ व्होल्ट. या आकड्यांना भुलून कोणी बाभळीच्या बुंध्याला त्या लावू नयेत.

खरी बॅटरी चेनसॉ घ्यावी की नाही यावर मी बराच काळ घालवला. तिच्या बाजूचे मुद्दे माझ्यासाठी भारी होते. दोरी नाही, खटका दाबला की चालू आणि सोडला की बंद, त्यामुळे प्रत्येक फांदीच्या मधल्या वेळेत थरथरणारे मशीन हातात धरून उभे राहावे लागत नाही. आणखी एक कारण इजेनंतरच लक्षात आले. आता मी रोज सलग काम करत नाही, त्यामुळे पेट्रोल मशिनात इंधन पडून राहते. २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल पावसाळ्याच्या दमट हवेत ओलावा शोषते, टू-स्ट्रोक इंजिनाचे पेट्रोल-ऑइलचे मिश्रण बिघडते आणि कार्ब्युरेटरचा पडदा कडक होऊन मशीन चालू होण्यास कुरकुरते. म्हणजे पुन्हा दोरीच ओढत बसावे लागते. पेट्रोल मशीन ठेवायचेच असेल तर एका लिटर पेट्रोलला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल या प्रमाणात लागेल तेवढेच मिश्रण करावे आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

विरुद्ध बाजूला आपला उन्हाळा आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत ठेवलेली बॅटरी त्याहून कितीतरी तापते. तापलेली बॅटरी चार्जर भरायलाच घेत नाही. ती थंड होईपर्यंत दिवा लुकलुकत राहतो. शेतातल्या विजेवर भरवसा ठेवता येत नाही, कारण कृषिपंपांची वीज पाळ्यांनी येते, तेव्हा चार्जिंग गावातल्या घरीच करावे लागते. मी बॅटऱ्या बर्फाशिवाय थर्मासच्या पेटीत सावलीला ठेवतो आणि पहाटे सहा ते दहा एवढ्याच वेळात काम उरकतो. तसेही दुपारी त्या उन्हात हेल्मेट, जाळी आणि पायांवरचे संरक्षक कापड घालून उभे राहणे कोणाच्याच हिताचे नसते.

कोणत्या कंपनीचे घ्यायचे हे शेवटी एका घरगुती कारणाने ठरले. भाचा फैजपूरला सुतारकाम करतो आणि त्याची ड्रिल, ग्राइंडर अशी सगळी हत्यारे मकिताच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालतात. त्याच कंपनीची, अशा दोन बॅटऱ्या एकत्र लावून ३६ व्होल्टवर चालणारी चेनसॉ मिळते. ५ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्यांत १८० वॅट-तास मावतात आणि छाटणीच्या सकाळी भाच्याच्या जोड्या मागवून आणता येतात. बॅटऱ्या आणि चार्जर यांची किंमत मशिनाच्या तोडीची असते, त्यामुळे घरात कोणाकडे आधीपासून एखाद्या कंपनीच्या बॅटऱ्या असतील तर तिथूनच सुरुवात करावी. पाठीवर किंवा कमरेवर बॅटरी लावून वायरीने मशीन चालवण्याची सोयही काही कंपन्या देतात. हातातले वजन त्याने घटते, पण पाठीच्या पिशवीचा पट्टा माझ्या उजव्या खांद्यावर रुतला, म्हणून मी ती कल्पना सोडली. कमरपट्ट्याचा प्रकार ज्यांची पाठ ठीक आहे त्यांनी जरूर पाहावा.

अशा रीतीने आता माझ्याकडे दोनच मशिने आहेत: फांद्यांसाठी ही बॅटरीची आणि बुंध्यासाठी स्प्रिंगच्या स्टार्टरची, ४५ सीसीच्या आसपासची, १६ इंची पट्टीची पेट्रोलवर चालणारी. ७२ सीसीचे मशीन वखारीतल्या एका ओळखीच्या माणसाला दिले. विकताना वाईट वाटले नाही असे नाही, पण जे मशीन मी स्वतः चालू करू शकत नाही ते दुसऱ्याकडून चालू करून घेऊन आपण हातात धरायचे, हा प्रकार मला मान्य नव्हता. झाडाखाली ते बंद पडले, तर ते परत चालू करणारा माणूस दर वेळी जवळ असेलच असे नाही.

मशीन बदलले तरी खांद्याचा खरा शत्रू बोथट चेन हाच आहे. धारदार चेन स्वतः लाकडात उतरते. बोथट चेनला दाबावे लागते, आणि भुसा पिठासारखा बारीक पडू लागला की समजावे की आता मशीन नव्हे, खांदा कापतो आहे. आपल्याकडच्या झाडांच्या सालीत धूळ आणि वाळू भरलेली असते, म्हणून टोकदार कोपऱ्याच्या दातांपेक्षा गोलसर कोपऱ्याचे दात असलेली चेन मी घेतो. ती किंचित सावकाश कापते पण धार जास्त टिकते. बॅटरीच्या मशिनाच्या लहान चेनला ४ मिमीची गोल कानस लागते आणि पेट्रोलच्या मशिनाच्या .३२५ इंच पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचे माप) चेनला ४.८ मिमीची. कानस मारण्याची क्रिया ढकलण्याची आहे, आणि पट्टी कमरेच्या उंचीवर शिकंज्यात पकडली की ती मला बिनत्रास जमते. पट्टीच्या वरच्या कडेने, म्हणजे फांदीला खालून वर काप देणे मात्र मी बंद केले आहे, कारण त्या वेळी चेन मशिनाला अंगाकडे ढकलते आणि तो सगळा रेटा उजव्या खांद्यावर येतो. खालचा तो छोटा काप आता साध्या हातकरवतीने देतो. माझी ही करवत ढकलताना कापते, ओढताना नाही. जपानी पद्धतीच्या ओढून कापणाऱ्या करवती मित्राने कौतुकाने दाखवल्या, त्या माझ्यासाठी उलट्या पडल्या.

चढाईचे काम पूर्ण थांबले आहे. धडगावकडचा माझा जुना जोडीदार वर चढतो, दोर बांधतो, आणि मी खालून फांदीचा तोल व पडण्याची जागा पाहतो. "दादा, वरचं मी बघतो, तुम्ही फक्त दोर सोडायचा तेव्हा आवाज द्या," एवढीच त्याची अट असते, आणि ती मी पाळतो. विजेच्या तारांजवळचे झाड असेल तर महावितरणकडून प्रवाह बंद करून घेतल्याशिवाय आम्ही दोघेही त्याला हात लावत नाही.

पैशाच्या मदतीविषयी विचारणारे बरेच असतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाखालील बहुतेक सवलतींना आणि दिव्यांग वित्त महामंडळाच्या स्वयंरोजगार कर्जाला किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. माझी टक्केवारी त्याच्या आत भरली, त्यामुळे मी तो मार्ग पुढे चालवला नाही. ज्यांची ४० किंवा त्याहून अधिक भरते त्यांनी युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, आधी काढून घ्यावे आणि मशीन मग घ्यावे, कारण आधी घेतलेल्या मशिनाचे बिल नंतर कर्जप्रकरणात लावण्यात अडचण येते.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही, तो लांब दांड्याच्या चेनसॉचा. छातीच्या वर मशीन उचलणे मला शक्य नाही, आणि जमिनीवर उभे राहून तीन-चार मीटर उंचीवरची फांदी कापायला हाच एक प्रकार उपयोगी आहे. एका बागायतदाराकडचे असे पेट्रोलचे मशीन मी चालवून पाहिले. पट्टा डाव्या खांद्यावर घेतला तरी दांडा वर स्थिर धरून ठेवण्याचे काम उजव्या हाताकडेच जाते, आणि थोड्याच वेळात तो खाली येऊ लागतो. इंजिनाऐवजी बॅटरी असलेला, हलक्या दांड्याचा प्रकार हाती धरायला मिळाल्याशिवाय मी त्यात पैसे घालणार नाही. तोपर्यंत बांबूला बांधलेली आकडी आणि जोडीदाराची चढाई यांवर भागते आहे.